तीन पेन्सिली आणि एक चांगला कागद

नमस्कार, श्रोतेहो. चित्रकलेचं सामान घ्यायला गेलं की बारा पेन्सिलींचा डबा हमखास खुणावतो. माझं मत विचाराल तर तो राहू द्या. मध्यम एचबी, थोडी मऊ २बी आणि खूप मऊ ६बी, एवढ्यात काम भागतं. पेन्सिलीच्या कांडीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. ही भाजलेली कांडी निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये काढली. माती जास्त तर कांडी कठीण नि रेघ फिकी, ग्रॅफाइट जास्त तर मऊ नि गडद. मधल्या छटा हाताच्या दाबातून काढायच्या.

वाचलेले पैसे कागदावर घाला. १५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा, किंचित खरखरीत कार्ट्रिज हा चित्रकलेचा कागद मला आवडतो. अगदी गुळगुळीत कागदावर ६बी नुसती घसरते. दोन थरांनंतर रंग चढायचा थांबतो आणि राखाडी चकाकी येते. मग कितीही गिरवा, काळं काही होत नाही.

खरा काळा हवा असेल तर चारकोल, म्हणजे चित्रकलेचा लाकडी कोळसा. पण चकाकलेल्या ग्रॅफाइटवर तो बसतच नाही, निसटतो. म्हणून कच्ची आखणीसुद्धा चारकोलच्या साध्या काडीनेच करावी. ती फडक्याने झटकली की जाते. भुकटी दाबून केलेल्या चारकोलच्या कांडीत बाइंडर, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा पदार्थ असतो, तिचा डाग पूर्ण निघत नाही. ती शेवटच्या गडद जागांसाठी राखून ठेवावी. आणि छटा पसरवायला बोट नको! कातडीचं तेल कागदाला लागतं आणि तिथे ठिपके उमटतात. कागदाची गुंडाळी वापरा.

टोक कटरने काढावं, कांडी साधारण एक सेंटिमीटर उघडी ठेवून, मग पॉलिश पेपरवर घासून. दर वेळी टोक तुटत असेल तर पेन्सिल कधीतरी खाली पडलेली असते. कांडी आतूनच तडकलेली, शार्पनर बदलून उपयोग नाही.

पावसाळ्यात कागद ओल धरतो. अशा वेळी रबर घासलं की तंतू उठतात, आणि त्यावर पुन्हा शेडिंग केलं की तिथे काळपट डाग पडतो. मऊ, मळता येणारं रबर घ्या आणि नुसतं टिपा.

चारकोलवर फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदावर पक्की करणारा फवारा, मारायचं ते ३० सेंटिमीटरवरून, खिडकी उघडी ठेवून, दोन-तीन पातळ हात. एकदम जाड मारलं तर भुकटी वाहते. फवाऱ्यानंतर छटा थोड्या गडद होतात आणि मग रबराला दाद देत नाहीत, तेव्हा उजेडाच्या जागा आधीच रबराने उचलून घ्या.