रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी

(इन्फ्रारेड चित्रण. पलंग, अंधार, पंख्याचा आवाज.)

दोन पाय पलंगाखाली येतात. चपला चाचपतात. एक सापडते, दुसरी आत सरकलेली. आजी तशाच उठतात. आमच्या कॅमेऱ्याला अंधारात दिसतंय, आजींना नाही.

हेच जरा सावकाश पाहू.

उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. तरुणपणी शरीर रक्तवाहिन्या आवळून, ठोके वाढवून क्षणात सावरतं. वय झालं की सावरायला वेळ लागतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तो आणखी वाढतो. 3 मिनिटांच्या आत वरचं प्रेशर 20 नं किंवा खालचं 10 नं उतरलं, तर ती धोक्याची खूण. हा हात बघा, भिंतीला टेकलेला. तोल जातोय हे आजींच्या आधी हाताला कळलंय.

(शांतता. फक्त पावलं.)

बाथरूमचा दिवा लागला. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो, म्हातारपणी त्याहून जास्त. या एका बटणानं तो सराव मोडला. परतीची वाट येतानापेक्षाही काळोखी.

आजींची ही आजची दुसरी फेरी. उतारवयात गाढ झोप कमी होते, आणि रात्री लघवी आटोक्यात ठेवणारं संप्रेरकही पूर्वीसारखं काम करत नाही. झोप तुटते. तुटलेल्या झोपेतून उठलेला मेंदू काही मिनिटं अर्धवटच जागा असतो. दुसऱ्या दिवशी पाय जड, लक्ष थाऱ्यावर नाही. म्हणजे भरदुपारीही पडण्याचं भय.

आता ही उशाशी ठेवलेली डबी. ‘झोप येत नाही’ म्हटलं की गोळी, हे आम्हाला पटत नाही. डायझेपामसारख्या गोळीचा अंश वयस्कर शरीरात कित्येक दिवस रेंगाळतो. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची ‘बीअर्स’ यादी या गटातल्या गोळ्या शक्यतो टाळायला सांगते. तिथल्याच फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं 2016 मध्ये जुनाट निद्रानाशावर आधी औषध नको, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती वापरा, असं सांगितलं. पण चालू असलेली गोळी मनानं, एकदम बंद करू नका. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते.

जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, त्यांत साठीपुढची सर्वांत जास्त.

पडलेल्या माणसाला ‘कुठे पडलात?’ असं सगळे विचारतात. ‘झोप कशी लागते?’ हे कोणीच विचारत नाही. तपासणीच्या टेबलावर हा प्रश्न यायलाच हवा.

(पुढची रात्र. जमिनीलगत मंद पिवळा दिवा.)

चपला पलंगाशी, जोडीनं. आजी काठावर बसल्यात. पावलं वरखाली हलवताहेत. घाई नाही.

आता उठल्या.