नडगीवरची जखम, आतड्याचा आजार

नमस्कार श्रोतेहो, आज आतड्याच्या सुजेच्या आजाराबद्दल बोलूया, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. पण पोटाचं नाही, कातडीचं बोलायचंय.

एक ताई आल्या होत्या माझ्याकडे, शाळेत शिकवायच्या. स्कूटीचा स्टँड नडगीला लागला, जरासंच खरचटलं, पण तिथे फोड आला, मग खड्डा पडला, कडा जांभळ्या, आणि दुखणं एवढं की साडीचा काठ लागला तरी डोळ्यात पाणी. शुगर नॉर्मल. आधी दोनदा जखम खरवडून साफ केलेली आणि दोन्ही वेळा ती अजून पसरलेली. मी विचारलं, पोट कसं असतं? ताई गप्पच. सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अहो डॉक्टर, दिवसातनं पाच-सहा वेळा जाते, रक्तही पडतं, विचारलं की मूळव्याध म्हणते." कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासलं, तर अल्सरेटिव्ह कोलायटिस! आणि पायावरचं ते पायोडर्मा गँग्रेनोसम. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1930 सालीच असे पेशंट लिहून ठेवलेत, बहुतेकांना कोलायटिस होता. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती कातडीवर उलटते, म्हणून जितकं खरवडाल तितकी जखम वाढते. पुन्हा सांगते, ही जखम खरवडायची नाही. ताईंना स्टेरॉइड सुरू केलं, भरायला महिने लागले, पण भरली.

ताई का बोलल्या नाहीत? लाज. शाळेत, एसटी स्टँडवर बायकांना धड संडास नाहीत, त्या दिवसदिवस दाबून ठेवतात, पाणीसुद्धा पीत नाहीत, याचा मला फार राग येतो.

असो. आतड्याच्या या आजारात कातडीवर जास्त करून दिसतं ते एरिथिमा नोडोसम, नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी. त्या फुटत नाहीत, आतडं शांत झालं की बहुतेकदा बसतात. पण आपल्याकडे अशाच गाठी टीबीतही येतात, आतड्याचा टीबी तर क्रोन्ससारखाच दिसतो, म्हणून टीबीची तपासणी आधी, प्रतिकारशक्ती दाबणारी भारी औषधं नंतर. मेडिकलमधून मनानेच स्टेरॉइडची ट्यूब आणून चोळू नका, ते बंदच व्हायला पाहिजे.

सारखं तोंड येत असेल आणि जुलाबही असतील तर दोन्ही एकाच डॉक्टरांना सांगा. आणि या आजारासाठी इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं चालू असताना तळहातावर, डोक्यात सोरायसिससारखे चट्टे आले तर ते त्या औषधानेही येऊ शकतात. लगेच दाखवा, पण इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका.