आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत सोबती कोण असावेत?

नमस्कार श्रोतेहो.

मासळी बाजारात मिळणारी चिलापी कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको. ती मूळची आफ्रिकेची असून १९५२ मध्ये भारतात आणली गेली. आज ज्या रंगीत माशांविषयी बोलायचे आहे, ते आफ्रिकन सिक्लिड तिच्याच कुळातले आहेत. विणीच्या दिवसांत चिलापीचा नर तळाशी खळगा करून तेवढी जागा राखतो आणि मादी अंडी तोंडात धरून उबवते. या दोन्ही सवयी घरच्या टाकीतल्या सिक्लिडमध्येही कमीअधिक प्रमाणात दिसतात, आणि त्यांना सोबती निवडताना जी अडचण येते ती मुख्यतः जागा राखण्याच्या या ओढीतूनच येते.

दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून जी पिल्ले एकत्र ठेवलेली असतात, ती पाहून माणूस हरखून जातो आणि निळे दोन, पिवळे दोन, पट्ट्यांचे दोन असे रंगांवर बोट ठेवून मासे घेतो. माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे, की रंग शेवटी पाहावा. आधी तो मासा कोणत्या सरोवरातला आहे आणि तो काय खातो, हे विचारावे.

घरोघरी दिसणाऱ्या जाती बहुतांशी मलावी सरोवरातल्या असतात, काही टांगानिका सरोवरातल्या. दोन्ही सरोवरांचे पाणी अल्कधर्मी आहे, टांगानिकाचे अधिकच. मलावीच्या माशांसाठी पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा, साधारण ७.८ ते ८.६ आणि तापमान २४ ते २८ अंश असावे. आपल्याकडे एकाच गल्लीत एका घरी नळाचे पाणी आणि दुसऱ्या घरी बोअरचे पाणी असू शकते, त्यामुळे शेजाऱ्याच्या टाकीत जे चालले ते आपल्याकडे चालेलच असे नाही. टेस्ट किट घेऊन पाणी स्वतः तपासावे, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवल्याशिवाय ते टाकीत ओतू नये. एंजल किंवा डिस्कस हे दक्षिण अमेरिकेतले मासे या टाकीत का नकोत, याचे उत्तर पाण्यातच आहे, कारण त्यांना मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. गोल्डफिश थंड पाण्यातला आणि संथ. त्याची शेपटी इथे शाबूत राहणार नाही.

आता आहाराकडे वळू, कारण इथेच सर्वाधिक मासे दगावतात. मलावी सरोवरातल्या खडकांवर राहणाऱ्या माशांना म्बुना म्हणतात. त्यांतल्या बहुतेक जाती खडकावरचे शेवाळ आणि त्यातले सूक्ष्म जीव खरवडून खातात, आणि अशा खाण्याला साजेसे त्यांचे आतडे लांब असते. त्यांच्याबरोबर मांसाहारी मासे ठेवले, की त्यांच्यासाठी टाकलेले ब्लडवर्म, म्हणजे खाद्य म्हणून मिळणाऱ्या लाल अळ्या, म्बुनाही चपळाईने पळवतात. मग एखाद्याचे पोट फुगते, तो खाणे सोडतो, त्याची विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लोंबू लागते. याला मलावी ब्लोट म्हणतात. चुकीचा आहार हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. म्हणून म्बुनांसोबत स्पायरुलिनासारख्या वनस्पतिजन्य खाद्यावर निभावणारेच सोबती हवेत.

पीकॉक हा सिक्लिडही मलावीचाच, पण त्याची राहणी अगदी निराळी. तो वाळूच्या किंचित वर स्थिर तरंगत राहतो आणि डोक्यावरच्या संवेदनशील छिद्रांनी वाळूतल्या किड्याची हालचाल हेरून झटकन तोंड मारतो. एवढ्या निवांतपणे जेवणाऱ्या माशाला म्बुनांच्या धांदलीत पोटभर मिळत नाही, आणि दबावाखाली राहिलेल्या नराचा रंगही उतरतो. एकाच सरोवरातले म्हणून या दोघांना एकत्र ठेवावे, हे मला पटत नाही. पीकॉकची टाकी वेगळीच असावी.

म्बुनांमध्येही स्वभाव पाहावा लागतो. ऑराटस या माशाचे पिल्लू सोनेरी अंगावर काळ्या पट्ट्यांचे, इतके देखणे असते की हात आपोआप त्याच्याकडे जातो. मात्र नर वयात आला की सोनेरी अंग काळपट होते, पट्टे फिकट होतात, आणि तो टाकीतल्या जवळपास प्रत्येकाच्या मागे लागतो. नवशिक्याने तो घेऊ नये. येलो लॅब आणि रस्टी हे त्या मानाने शांत असतात. आसेई हा निळसर अंगाचा आणि पिवळ्या परांचा मासा बराचसा मोकळ्या पाण्यात फिरत असल्याने खडकातल्या जागेवरून त्याचे इतरांशी फारसे वाजत नाही. सुरुवातीला हे तिघे पुरेसे आहेत. प्रत्येक जातीत एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात, म्हणजे नराचा त्रास एकाच मादीवर येत नाही. रंगरूपाने जवळच्या जाती मात्र टाळाव्यात, कारण नर सारख्या दिसणाऱ्या माशावर अधिक धावून जातो आणि संकरही होतो.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे २५० लिटरची असावी. दगड तळाच्या काचेवर पक्के बसवून मग वाळू घालावी, कारण हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड कलंडतो. म्बुनांची संख्या थोडी जास्त ठेवल्यास भांडण वाटले जाते, पण त्यासाठी फिल्टर दमदार हवा आणि दर आठवड्याला काही पाणी बदलायलाच हवे. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदलावी आणि दिवा बंद ठेवावा. जुन्यांच्या हद्दी मोडल्या, की नव्यालाही आडोसा मिळवता येतो.

तळाशी फिरणारा सोबती हवा असेल तर आफ्रिकेतलाच सायनोडॉन्टिस हा मिशाळ मासा घ्यावा. टांगानिकातल्या त्याच्या एका जातीची मादी, सिक्लिडची मादी अंडी घालत असताना मध्येच आपली अंडी टाकते. सिक्लिड ती आपली समजून तोंडात उबवते, आणि आधी बाहेर आलेली परक्यांची पिल्ले तिची अंडी-पिल्ले खाऊन टाकतात. दुकानदार हमखास सुचवतो तो सकर मासा मात्र या टाकीसाठी घेऊ नये. तो दक्षिण अमेरिकेतला असून फार मोठा होतो.

टाकीत न जमणारा मासा दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावा, पण रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नये. टाक्यांमधून बाहेर पडलेला सकर मासा उजनी जलाशयात पसरला आहे, आणि तिथले मच्छीमार जाळ्यात अडकलेला हा काटेरी मासा सोडवताना त्याची किंमत मोजत आहेत.