भडंगातले शेंगदाणे

(दृश्य: पहाट. कृष्णेवरचा आयर्विन पूल, चालायला आलेली मंडळी.)

सांगलीत सकाळी चालायला येणाऱ्यांत शुगरवाले बरेच. गप्पा रिपोर्टच्याच. "तेल-तूप बंद केलंय, शेंगदाण्याला हात लावत नाही. तरी ट्रायग्लिसराइड 280 कसं हो?" ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी.

(दृश्य: लॅब. यंत्रात फिरून थांबलेली नळी.)

रक्त फिरवलं की वर पिवळसर सीरम उरतं. एरवी ते नितळ असतं. आकडा फारच चढला, की तेच ताकासारखं गढूळ होतं. उपाशीपोटी 150 च्या आत ठीक, 200 गाठलं की जास्त.

आता, जेवणातलं तेल रक्तात उतरतं हे खरंच. जेवल्यावर तीन-चार तासांनी त्याचा भर असतो, मग ते ओसरतं. पण रात्रभर उपाशी राहूनही जी चरबी सापडते, ती बहुतेक यकृतानं स्वतः बनवून रक्तात सोडलेली असते. शरीर इन्सुलिनला जुमानेनासं झालं, की साठवलेली चरबी सुटून यकृताकडे धावते. त्यात भात, साखर, गूळ यांची भर. जास्तीच्या साखरेचीही यकृत चरबीच करतं. आणि रक्तातली चरबी उचलणारं एन्झाइम मधुमेहात आधीच मंदावलेलं!

(दृश्य: भडंगाचं दुकान. मोठ्या पातेल्यात लसूण, तिखट, चुरमुरे.)

भडंगातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवणारे काका तुम्हीही पाहिले असतील. चुरमुरे मात्र मुठीमुठीनं. हलके लागतात, पण आहेत तांदळाचेच. वर तासगावचा बेदाणा, "फळच की!" म्हणून. त्यातलं फ्रुक्टोज तर बरंचसं यकृतातच जिरतं.

1994 साली अमेरिकेत 42 मधुमेहींवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्मांक तेवढेच, फक्त काही पिष्टमय पदार्थांच्या जागी ओलेइक आम्लाचं तेल, किंवा उलट. पिष्ट जास्त असलेल्या आहारात ट्रायग्लिसराइड 24 टक्क्यांनी जास्त भरलं. हे ओलेइक आम्ल आपल्या शेंगतेलातही भरपूर असतं. म्हणून भजी तळायला परवाना मिळाला असं नव्हे. तेल भाताच्या जागी, भातावर नाही.

(दृश्य: पुन्हा लॅब. दुधाळ सीरमची नळी.)

आकडा 500 च्या वर गेला, की हिशेब बदलतो. ते एन्झाइम पुरं पडत नाही, स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. अशा वेळी डॉक्टर साखर आणि दारूसोबत तेलही आवरायला सांगतात. मग त्या काकांनी वेचलेले शेंगदाणे बाजूलाच राहू द्यावेत, आणि चुरमुरेही.