प्रॉम्प्टरचा चष्मा

अंत्रुज महाल. फोंडा तालुक्याचं हे जुनं नाव आमच्या तोंडी अजून आहे. देवळाच्या राजांगणात चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्यात. एकीवर उशी आहे, ती अश्विनशेठसाठी. गुडघे!

अश्विनशेठ म्हणजे आमचाच मित्र. देवलांचं 'संशयकल्लोळ' नाटक १९१६चं. आम्ही ते इथल्या जत्रेत केलं तेव्हा पंचविशीतला हा अश्विनशेठ झाला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. शेजारी बसलाय तो फाल्गुनराव. मुळात इतका भोळा, की त्याला संशय घ्यायला शिकवण्यात तालीममास्तरांचा महिना गेला.

पालखी देवळात परतली की मग तिसरी घंटा. नाटक संपेपर्यंत उजाडायचं. पुढच्या चटयांवर पोरं झोपलेली, बाहेर खाज्यांची दुकानं. उकाड्यानं मिशा चिकटवायचा स्पिरिट गम सुटायचा. एकदा फाल्गुनरावाची मिशी संशयाच्या भरात ओठावर लोंबली. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

एकदा पणजीला कला अकादमीच्या स्पर्धेतही गेलो. तिथल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी प्रेक्षक रंगवलेले. आमचा प्रॉम्प्टर, विंगेतून वाक्यं सुचवणारा, म्हणाला, "हे बरे रे, मधेच उठून जात नाहीत." बक्षीस नाही मिळालं. परीक्षकांचा विषय निघाला की फाल्गुनराव अजून तापतो.

आज प्रॉम्प्टरनं जुनं पुस्तक आणलंय. लाल पेन्सिलीच्या खुणा, पानांना कसर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक टाइप दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून शोधतोय.

नायिकेची, रेवतीची वाक्यं मी वाचतोय. ते काम करणाऱ्या बाई बाहेरगावाहून यायच्या, नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, घेऊन पहाटेच्या बसनं परत जायच्या. आम्ही एकमेकांना शोधून काढलं. त्यांचं गाव कुठलं, हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. खुर्च्या मांडतानाही चारच मांडल्या.

अश्विनशेठ मधेच अडकतो. सवयीनं डावीकडे बघतो. तिथं विंग नाही, तुळशीवृंदावन आहे. पूर्वी प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेलाही ऐकू जात नसे. आता त्यालाच कमी ऐकू येतं. तो वाक्य देतो ते असं, की गाभाऱ्यातून भटजी बाहेर डोकावतात.

"हळू रे, हळू!" अश्विनशेठ म्हणतो.

"काय?" प्रॉम्प्टर विचारतो.