आडव्या माणसाची खोली

(दृश्य : पाइनच्या रानात पांढरी, लांबट इमारत)

फिनलंडमधल्या तुर्कू शहराजवळचं हे पाइमियोचं एके काळचं क्षयरोग रुग्णालय. १९३३ साली सुरू झालं. क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून दहा वर्षं होती. तोवर उपचार म्हणजे हवा, ऊन आणि विश्रांती. रुग्ण महिनोन्‌महिने पडून असायचा.

वास्तुशिल्पी अल्वार आल्तो यांनी हेच धरून खोली आखली : नेहमीची खोली उभ्या माणसासाठी असते, ही आडव्या माणसासाठी हवी.

(दृश्य : कॅमेरा उशीच्या उंचीवर, वर छत)

आडव्या माणसाला दिवसभर दिसतं ते छत. म्हणून इथे छत गडद हिरवट आणि भिंती फिकट. ही रंगयोजना एइनो काउरिया यांची. दिवाही छताच्या मधोमध नाही, तो रुग्णाच्या डोक्यामागे, नजरेच्या बाहेर आहे. छतातून येणारी ऊब पायांकडे जाते, डोकं गार राहतं.

(दृश्य : बेसिन, अगदी जवळून)

हे बेसिन नीट पाहा. खोलीत रुग्ण दोन असायचे, आणि दोघांना आपापलं बेसिन. नळाची धार सपाट तळावर सरळ आदळली की थडथड आवाज होतो. इथे चिनी मातीची बाजू उतरती ठेवली आहे. धार तिरकी टेकते आणि आवाज न करता घरंगळत खाली जाते. रात्री खोकत उठलेल्याला तोंड धुताना शेजाऱ्याची झोप मोडायची धास्ती नको. आमच्या मते या इमारतीतली सर्वांत मायेची वस्तू हीच.

कपाट वाकवलेल्या प्लायवूडचं, जमिनीपासून वर टांगलेलं. खालून फडकं सहज फिरतं. दाराच्या मुठीही अशा वळवल्या आहेत की डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकू नये.

(दृश्य : रंगकाम चाललेला वॉर्ड)

आपल्याकडे वॉर्ड रंगवताना छताला चकचकीत ऑइल पेंट दिला, की ट्यूबचा उजेड त्यावरून परतून थेट डोळ्यांत येतो. छताला मॅट रंग घ्या, पण पुसता येणारा. साधा डिस्टेंपर नको, ओल्या फडक्याला तो निघून येतो.

आणि दिव्याचे पॉइंट काढण्याआधी खाट तिच्या जागी आणून ठेवा. उशी घ्या, दहा मिनिटं पाठीवर पडून राहा. उजेड डोळ्यांवर येणार असेल, तर पॉइंट तेव्हाच सरकवा. प्लास्टर झाल्यावर भिंत फोडावी लागते.