जेवणानंतरची कळ: पित्ताशय आणि आपलं खाणं

[दृश्य: जुनी एक्स-रे फिल्म, तिच्यावर पित्ताशयाची सावली]

1920च्या दशकात एडवर्ड बॉयडन नावाचे एक अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ पित्ताशयाचा अभ्यास करत होते. त्यासाठी ते माणसांना खायला द्यायचे अंड्यांचे बलक आणि साय. हे पोटात गेलं, की भरलेलं पित्ताशय हळूहळू आकसू लागायचं. ते इतकं भरवशाचं ठरलं, की पुढे कित्येक वर्षं पित्ताशय नीट रिकामं होतंय का हे पाहण्यासाठी हेच खाणं ‘बॉयडन मील’ या नावानं दिलं जायचं.

निरोगी माणसाला या आकसण्याचा पत्ताही लागत नाही. त्याच पित्ताशयात खडा असेल, तर मात्र रात्रीची झोप उडते.

[दृश्य: यकृत, पित्ताशय आणि लहान आतडं यांचं रेखाचित्र]

आपलं यकृत दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्त, म्हणजे स्निग्धांश पचवायला मदत करणारा रस, तयार करतं. पित्ताशय म्हणजे यकृताखाली लपलेली, नासपतीच्या आकाराची एक पिशवी. लांबी 7 ते 10 सेंटिमीटर, मावतं जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर. एवढ्याशा जागेत पित्त साठवायचं, तर ते दाट करावं लागतं. म्हणून पित्ताशय त्यातलं पाणी शोषून घेतं.

जेवणातला स्निग्धांश लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचला, की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. प्रथिनांमुळेही ते सुटतं. हा निरोप मिळताच पित्ताशय आवळलं जातं, पित्तनलिकेच्या टोकाचा स्नायू सैल होतो आणि पित्त आतड्यात उतरतं. आता वाटेत, पित्ताशयाच्या तोंडाशीच, खडा अडकला तर? पित्ताशय दाब देत राहतं आणि पित्ताला वाट मिळत नाही. हीच ती कळ.

ती बहुधा भरपेट, तेलकट जेवणानंतर येते. कधी तासाभरात, कधी मध्यरात्री. बरगड्यांखाली उजवीकडे किंवा छातीच्या खाली मधोमध दुखतं, पाठीत नाहीतर उजव्या खांद्याकडे चमक जाते. मळमळतं. कूस बदलून, चालून, ढेकर देऊन काही फरक पडत नाही. अर्धा तास, कधी चार-पाच तास हे चालतं आणि मग खडा मागे सरकला की दुखणं ओसरतं. पुष्कळ जण याला ॲसिडिटी समजतात, एक गोळी घेतात, आणि दुखणं आपोआप ओसरलं तरी श्रेय गोळीला देतात. यात महिनेच्या महिने निघून जातात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काल रात्रीच्या जेवणानं खडा झालेला नसतो. खडा आधीपासून असतो, जेवण फक्त पित्ताशयाला आवळायला लावतं. बहुतेक खडे कोलेस्टेरॉलचे असतात. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं आणि ते विरघळवून ठेवणारे पित्तक्षार कमी पडले, की त्याचे स्फटिक बनतात. पित्त साचून राहिलं तर ते वाढत जातात. गरोदरपण, लठ्ठपणा, मधुमेह, आनुवंशिकता ही त्यामागची नेहमीची कारणं. आणि खडे असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही.

मग नेमकं टाळायचं काय? 1968 साली ब्रेनेमन या अमेरिकी डॉक्टरांनी पित्ताशयाचा त्रास असलेल्या 69 रुग्णांचे बरेचसे पदार्थ बंद केले आणि मग एकेक करून पुन्हा सुरू केले. त्रास देणाऱ्यांत पहिला नंबर अंड्यांचा लागला, त्यामागोमाग डुकराचं मांस आणि कांदा. अंड्याचं कोडं बलकातल्या स्निग्धांशानं काहीसं सुटतं. कांद्यात तर स्निग्धांश जवळपास नसतोच! हा अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे त्यावरून सगळ्यांची अंडी बंद करणं मला पटत नाही. पण एखाद्याला ठरावीक पदार्थानंतर दरवेळी कळ येत असेल, तर ते लिहून ठेवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. तळलेलं, लोणी-साय घातलेलं, आणि एका बैठकीत खूप खाणं, यांवर बहुतेकांचं बोट जातं.

[दृश्य: रिकामं ताट]

भीतीपोटी लोक दुसऱ्या टोकाला जातात, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. जेवण सोडायचं, तेला-तुपाचा थेंबही नको, महिन्याभरात वजन झरझर उतरवायचं. अशा वेळी पित्ताशयाला आवळण्याचा निरोपच मिळत नाही, पित्त साचून राहतं. शिवाय चरबी वेगानं वितळताना यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन घटू लागलं, तर खडे होण्याचा धोका चांगलाच वाढतो. वजन कमी करावं, पण सावकाश. वेळेवर जेवावं, जेवणात थोडा स्निग्धांश असावा, भाज्या, फळं, कडधान्यं असावीत, साखर आणि मैदा कमी असावा.

आणखी एक उपाय फार पसरलाय. पेलाभर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्यायचा, दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवे ‘खडे’ पडतात म्हणे. 2005 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका स्त्रीच्या ‘खड्यां’च्या तपासणीची हकीकत आली. 40 अंश सेल्सिअसला ते दहा मिनिटांत वितळून हिरवट तेलकट द्रव झाला. त्यात ना कोलेस्टेरॉल होतं, ना बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य), ना कॅल्शियम. प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण झाला होता. तिचे खरे खडे पित्ताशयातच होते. आणि पेलाभर तेल म्हणजे पित्ताशयाला जोरात आवळण्याचा हुकूमच. खडे असताना हा प्रयोग कृपा करून करू नका.

[दृश्य: सोनोग्राफीच्या पडद्यावर खडा आणि त्यामागची काळी सावली]

निदानासाठी पोटाची सोनोग्राफी बहुधा पुरते. ती उपाशीपोटी करतात, कारण भरलेल्या पित्ताशयातच खडे नीट दिसतात. मात्र कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात, तर पथ्य करत घरी बसू नका. पित्ताशयाला सूज आलेली असू शकते, खडा मुख्य नलिकेत अडकलेला असू शकतो, स्वादुपिंडही सुजलेलं असू शकतं. दुखण्यासोबत घाम फुटला, दम लागला, तर हृदयविकाराची शक्यता धरून ताबडतोब रुग्णालय गाठा.

वारंवार कळ येत असेल, तर डॉक्टर बहुधा पित्ताशय काढण्याचा सल्ला देतात. 1882 साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा ही शस्त्रक्रिया केली. आज ती दुर्बिणीतून होते. पित्ताशय गेल्यावर पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरत राहतं. काहींना सुरुवातीचे काही आठवडे शौचाला पातळ होतं, तेव्हा थोडं थोडं खावं, तेलकट बेतानं घ्यावं. बहुतेकांचं जेवण त्यानंतर पूर्ववत होतं.